खिळ्यावरची पाऊसबाई

— अहो, हात नका लावू त्याला! बोटांना घाम असतो, घामात मीठ असतं, आणि असल्या धातूला एकदा मीठ लागलं की— जाऊ दे. लावा. खुशाल लावा. जिला भोक पाडून भिंतीला खिळ्यानं ठोकलंय तिला तुमच्या बोटाचं काय वाटणार? चांगला अख्खा पंजा लावा. मी कोण सांगणारा? मी आपला गिऱ्हाईक, तुमच्यासारखाच बाकावर बसलोय. शोभेचा पत्रा वाटला ना तुम्हाला? वाटणारच. या गावात सगळ्यांना तसंच वाटतं. मघाशी तो मासळीवाला— आत्ता खुर्चीत तोंडावर गरम टॉवेल घेऊन घोरतोय ना, तोच— मला म्हणतो, 'छान आहेत हो पत्रे, चहाच्या डब्यांचे कापलेत का?' चहाच्या डब्यांचे! ओसाकाला काही माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्यांच्या कानावर हे गेलं तर त्यांना दवाखान्यात न्यावं लागेल.

कार्डं आहेत ती. धातूची कार्डं. 'कुरोगाने' मालिका. नाही ऐकलं? तुम्ही तकामात्सुची माणसं, सकाळी उदोनच्या शेवया, दुपारी उदोन, मधल्या वेळेत कुठलं उदोन चांगलं यावर चर्चा— तुम्ही कशाला ऐकताय! मी तिशीच्या आतला होतो तेव्हाची गोष्ट. खाऊच्या दुकानांबाहेर लाल मशीनं असायची, आठवतात? नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, खाली कार्ड पडायचं. बाकी सगळे कागदाची काढायचे. या एका मालकाच्या अंगात काय शिरलं कोण जाणे, त्यानं पोलादाच्या पातळ पट्टीवर कोरून भुतंखेतं काढली— पाण्यात राहणारं 'कप्पा' नावाचं भूत, लांब नाकाचा तेंगू, एका पायावर उड्या मारणारी छत्री— आणि पोरांनी मूठ फिरवली की ठण्णकन खाली! काय आवाज होता तो. कागदाच्या कार्डाला येतो का आवाज? पण कडांना धार. पोरांची बोटं कापली, आया भांडायला आल्या, वर्षाच्या आत कंपनी बुडाली. म्हणून दुर्मीळ. आणि त्यातही ही, आरशाच्या वरची, तुम्ही हात लावलात ती. बाकी सगळी पोलादाची, ही एकटी तांब्याची. पाऊसबाई. ओले केस, अंगाला चिकटलेल्या बाह्या, जिथं जाईल तिथं पाऊस घेऊन जाणारी. अख्ख्या जपानात हिच्या किती प्रती असतील यावर माणसं हमरीतुमरीवर येतात. आणि या दुकानाच्या मालकिणीनं काय केलं, तर ड्रिल घेतलं, वर मधोमध भोक पाडलं, खिळा घेतला, आणि ठोकला. शेजारी साबणाच्या कंपनीचं कॅलेंडर. वा!

हळू कशाला बोलू? तिला काय ऐकू जातंय? तो टीव्ही बघा केवढ्यानं लावलाय— शाळेच्या पोरांचं बेसबॉल, ऑगस्टभर हेच, पोरं हरली की रडतात आणि अख्खा देश त्यांच्यासोबत रडतो. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा फिरवता फिरवता ही बाई चेंडूकडं बघते. बघा, बघा आत्ता— बघितलं? मी तिला हजारदा सांगितलंय, इवासे-सान, एक तर सामना बघा नाहीतर गळा बघा. तर म्हणे, 'गळा कुठं पळून जातोय?'

हो, ओळखतो मी तिला. थोडंफार. मी तात्सुमी. राहणार ओसाका. नोकरीभर दुकानांचे वजनकाटे तपासले— सरकारी वजनमाप खात्यात— तेव्हा माझ्यासमोर कुणी 'साधारण' म्हटलेलं मला चालत नाही. साधारण सरळ, साधारण स्वच्छ, साधारण बरं. साधारण म्हणजे काय? एक तर काटा मधोमध असतो किंवा नसतो. आणि या बाईचं सगळं आयुष्य साधारण! 'साधारण चारला या, तात्सुमी-सान.' चारला या म्हणा, नाहीतर पाचला या म्हणा!

ही कार्डं जमवणाऱ्यांचं आमचं एक मंडळ होतं ओसाकाला. रविवारी, निप्पोनबाशीला, कॉफीच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. कानाचे एक डॉक्टर, देवळातले एक पुजारी, अशी सगळी घरंदाज माणसं. पांढरे हातमोजे, भिंग, मऊ कापड. बोलणं कुजबुजत. कॉफी वेगळ्या टेबलावर, म्हणजे शिंतोडा उडायला नको. असं सगळं शिस्तीत चाललेलं असताना एका रविवारी ही बाई जिना चढून आली— दणदण— गळ्यात टॉवेल, हातात बिस्किटांचा डबा— आणि तो डबा टेबलावर उलटा केला. उलटा! कार्डं खळाखळा बाहेर, सुटी, एकमेकांच्या अंगावर घासत. पुजाऱ्यांनी डोळेच मिटून घेतले. डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले. आणि ही हसत म्हणते, 'तुम्ही लोक ही जमवता म्हणे? माझ्याकडं ढीग पडलाय, बघा बुवा काही उपयोगाची आहेत का.' आणि चकचकीत होती हो सगळी! ताटल्यांसारखी! जुन्या पोलादाला जो काळसर निळा रंग चढतो ना, तो चढायला वर्षानुवर्षं लागतात, तो रंग म्हणजेच तर त्याचं वय, त्याची अब्रू— तो हिनं घासून टाकलेला. कशानं घासलं असेल? विचारा. दातांच्या पेस्टनं! पुदिन्याच्या! टेबलावर वास येत होता. मी विचारलं, 'का?' तर म्हणाली, 'चेहरे दिसत नव्हते बिचाऱ्यांचे.' बिचाऱ्यांचे! भुतं आहेत ती!

तेव्हा तिचं दुकान ओसाकालाच होतं, तैशोला, रेल्वेच्या पुलाखाली. गाडी गेली की आरसे थरथरायचे. खुर्चीत रडणाऱ्या पोराच्या हातात ती कार्ड द्यायची, गप्प बसावं म्हणून. आणि पोरांची कपाळावरची झुलपं सरळ कापायला काय वापरायची माहितीये? कार्ड! आडवं धरायचं कपाळावर आणि त्याच्या कडेनं कात्री चालवायची. ज्याच्यासाठी एका माणसानं आपली मोटार विकली होती ते एका डोळ्याच्या भूतपोराचं कार्ड, त्याच्यावर कात्रीचे ओरखडे! मी स्वतः पाहिले. भिंगातून.

मग तिला वळण लावणं आलं. कुणीतरी लावायलाच हवं होतं. डॉक्टर म्हणाले, 'तात्सुमी-सान, तुम्हीच बघा.' मी म्हटलं, ठीक आहे, मंडळाचं काम म्हणून. म्हणून मी तिच्या दुकानात जायला लागलो— महिन्याला केस कापायला, मग पंधरवड्याला, मग मध्ये नुसती दाढी. हसताय कशाला? शिकवायचं तर त्यात खंड पडून चालत नाही. तिला मी हातमोजे भेट दिले, पांढरे, सुती, चांगले. पुढच्या खेपेला बघतो तर ते घालून खिडक्या पुसतेय. वर मला म्हणते, 'तात्सुमी-सान, तुमच्या केसांना वाढायला तरी वेळ द्या, मी काय कापू, हवा?' असली जीभ. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी तोंड बघितलं नसतं. पण शिकवायचं काम हातात घेतलं होतं ना.

आणि हिच्याबरोबर कार्डं शोधायला बाहेरगावी जाणं म्हणजे तर डोक्याला ताप. जुनी खाऊची दुकानं बंद होतात, खेळण्यांची गोदामं रिकामी होतात, तिथं लवकर पोचावं, मुद्द्याचं विचारावं, निघावं. ही जाईल तिथं फतकल मारून बसायची. गुडघे कसे आहेत, सून कशी आहे, लोणच्यात काय घातलंय. पाऊस तर ठेवलेलाच. तोत्तोरीला गेलो, पाऊस. हिमेजीला निघालो, फलाटावरच पाऊस. मंडळात सगळे तिलाच पाऊसबाई म्हणायला लागले, आणि ही खूश! छत्री मात्र कधी आणायची नाही. माझ्याच छत्रीत शिरायची. त्यामुळं माझा डावा खांदा कायम ओला. घरी येऊन शर्ट वाळत घालताना बघत बसायचो मी तो ओला खांदा— म्हणजे डाग पडला का ते बघायला.

कुठं मिळाली विचारताय? ही, तांब्याची? वाकायामाच्या डोंगरात. एक खाऊचं दुकान बंद होणार होतं. मालकीण म्हातारी, पाठीत पार वाकलेली, एकटी. मी पोचल्या पोचल्या कामाला लागलो, मशीन आडवं केलं, मागची पत्र्याची झाकणं उघडली, आत पालथा पडून टॉर्च मारला— काय मिळालं? गांधीलमाश्यांचं घर. रिकामं. कपडे गेले. आणि ही काय करत होती? ओसरीवर म्हातारीला बसवून तिचे केस कापत होती! म्हातारीला खालच्या गावात जायला जमत नव्हतं, केस डोळ्यांत येत होते, म्हणून हिनं पिशवीतून कात्री काढली. पिशवीत कात्री असतेच हिच्या. निवांत, गप्पा मारत, वर्तमानपत्र खांद्यावर घालून. आणि म्हातारी आरशात बघून बघून हसतेय, आणि हसता हसता म्हणते, 'पोरी, तुला ते पत्र्याचं खेळणं हवंय ना? कपाट डुगडुगतं म्हणून पायाखाली एक सारलंय बघ मी. लाल-लाल आहे.' कपाटाच्या पायाखाली! पाऊसबाई! आम्ही सगळे जिच्यासाठी झुरत होतो ती तीस वर्षं वाट्या-बश्यांचं ओझं डोक्यावर घेऊन अंधारात पडलेली. मी कपाट उचलून धरलं, हिनं ओढून काढलं, आणि पदराला— म्हणजे एप्रनला— पुसलं. पुसलं! माझ्या समोर!

बरं, पुढचं ऐका, म्हणजे तुम्हीच सांगाल चूक कुणाची. परतीच्या गाडीत डब्यात आम्ही दोघंच. ती संत्रं सोलत होती. सोलून झालं, हात पुसले, ते कार्ड काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, 'घ्या, तात्सुमी-सान. ही तुमचीच.' मी काही बोलायच्या आत म्हणाली, 'आणि असं करा, तुमची सगळीच घेऊन या माझ्याकडं. वरची खोली रिकामी आहे, ऊन येत नाही तिकडं, तुमच्या लाडक्यांचे रंग उडायचे नाहीत. फळ्या मी ठोकीन. सकाळचं मिसो सूप एकाचं केलं काय नि दोघांचं केलं काय, पातेलं तेच लागतं.' असं म्हणाली. खिडकीकडं बघत. संत्र्याची फोड तोंडात टाकत.

मी काय करणार? मी भिंग काढलं. सवयच आहे ना. बघितलं आणि सांगितलं, 'खालचा डावा कोपरा दबलाय.' खरं ते सांगितलं. तिसऱ्या प्रतीचं कार्ड आहे म्हटलं, कपाटाच्या वजनानं धातू फाकलाय, वरचा थर एका बाजूला सरकलाय, अशा प्रतीला संग्रहात जागा देणं म्हणजे— मी समजावत होतो. सविस्तर. तिनं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच म्हणाली, 'तीस वर्षं कपाट उचलून धरलं बिचारीनं. दबणारच की.' मी म्हटलं, 'कारण काही का असेना, प्रत ठरते ती कोपऱ्यावरून.' आणि कार्ड तिला परत केलं. म्हटलं, 'मी निर्दोष मिळेपर्यंत थांबेन.' ओसाकाचं तेन्नोजी स्टेशन येईपर्यंत मी कोपऱ्यांबद्दल बोलत होतो. चार प्रकारचे दाब असतात कोपऱ्याला, चारी सांगितले. ती 'हो का' म्हणाली. उतरताना पाऊस होता, तर टॉवेल डोक्यावर घेतला आणि गेली. छत्रीत आली नाही.

असे बघू नका माझ्याकडं. तुम्हाला काय वाटतं, मला कळलं नाही? बहिरा आहे का मी? सूप-बिप, दोघांचं पातेलं— गाडी हिनेनोला थांबली होती, दारं उघडली, कुणी चढलं नाही, दारं मिटली, तेव्हाच कळलं होतं मला सगळं. एकट्या माणसाला असं अचानक, फळ्या ठोकीन म्हणत, कोण घरी बोलावतं! माझी चहाची वेळ ठरलेली, माझी झोपायची उशी ठरलेली. भिंग इतकं जवळ धरलं होतं मी की नुसता लाल धूर दिसत होता, कोपरा कुठला दिसतोय, मी आपलं अंदाजानंच म्हणून गेलो— काय म्हणालो मी? नाही, नाही. दबलेला होता. दबलेलाच आहे, जाऊन बघा, आत्ता बघा तिथं. नंतर नीट बघितला मी. आधी म्हटलं आणि नंतर बघितलं, इतकंच. निघालं तर खरंच ना?

त्यानंतरच्या वेळेला केस कापायला गेलो तर पुलाखाली शटर बंद. आत मिस्त्री काम करत होते, कपडे धुवायची मशीनं बसवत होते. 'इवासे-सान कुठं?' तर म्हणे, आई आजारी पडली, गावी गेल्या, सामान पण गेलं. मला सांगायची रीत? सांगून तर जायचं! गिऱ्हाइकाला सांगतात! फलक लावतात! मी नंतर स्टेशनातल्या त्या झटपट दुकानात केस कापून घ्यायला लागलो— तिकीट काढा, बसा, उठा. पोरगा एक शब्द बोलत नाही, डोक्यावर व्हॅक्यूम क्लीनरची नळी फिरवतो आणि पुढचा. माणसाचं डोकं आहे का सतरंजी आहे? मंडळात जावं तर तिथं तेच ते. डॉक्टर कुजबुजतायत, पुजारी कुजबुजतायत. कुणी जोरात हसत नाही, काही सांडत नाही. एकदा मी मुद्दाम कॉफी कार्डांच्या टेबलावर ठेवली. कुणीतरी नुसती अलगद उचलून नेली.

आणि मग कुणाकडून तरी कळलं की तकामात्सुला, मासळी बंदराजवळ, एका बाईचं केस कापायचं दुकान आहे, आणि भिंतीवर पत्रे आहेत भुतांचे. मी आलो. का म्हणजे? वस्तूची अवस्था बघायला! एवढी मौल्यवान वस्तू कुठं पडलीये, कशी ठेवलीये, संग्राहकाचं कर्तव्यच आहे ते. आलो, दार उघडलं, तर सगळी खिळ्यांवर! मी तिथं, त्या छत्र्यांच्या स्टँडपाशी, उभ्या उभ्या गार पडलो. आणि ही मान वळवून म्हणते, 'अरे वा, तात्सुमी-सान, वाढलेत की केस.' बस. कुठं होतात नाही, कसे आहात नाही. मी म्हटलं, 'खिळे का ठोकलेत?' म्हणाली, 'डब्यात ठेवून कंटाळा आला. इथं पोरं बघतात, म्हातारी माणसं बघतात, पाऊसबाईला तर सगळे नमस्कार करतात, उन्हाळ्यात तळी आटतात ना आमच्याकडं.' नमस्कार करतात! आणि मग बसा म्हणाली, आणि केस कापले. आईचं करायला वर जायची मध्येच. ती वरची पावलं ऐकत बसलो मी.

कधी? ते झालं तेव्हा— म्हणजे आज नाही, आधीच्या एका खेपेला. हो, येतो मी अधूनमधून. कोबेहून बोट आहे, सोयीची आहे. समुद्राची हवा डॉक्टरांनी सांगितलीये. कानाच्याच डॉक्टरांनी, असू दे. ते कोपऱ्यावरचं उदोनचं दुकान बुधवारी बंद असतं, पलीकडचं बरं आहे पण रस्सा पांचट. हिच्या आईला वसंतात देवाज्ञा झाली, तेव्हाही आलो होतो. मागं उभा होतो. पुढं यायला मी कोण?

आणि मंडळातल्या एकालाही सांगितलेलं नाही मी की पाऊसबाई इथं आहे. ते आले असते ना, चिमटे घेऊन, खिळे उपसायला. म्हणून नाही सांगितलं.

बरं, मला निर्दोष मिळाली. ते तर राहिलंच. डॉक्टरांच्या डोळ्यांनी दगा दिला, त्यांनी संग्रह मोडला, आणि त्यांच्याकडं, आम्हाला कुणाला पत्ता नाही, बंद पाकिटात ठेवलेली पाऊसबाई! हात न लागलेली. चारी कोपरे असे की बोट कापावं. मंडळात माझी पाठ थोपटली सगळ्यांनी, 'तात्सुमी-सान, पुरा झाला संच.' घरी आणली, दिव्याखाली ठेवली, भिंग लावलं. ना ओरखडा, ना डाग, ना दाब, फक्त वयाचा काळपट रंग. बघितली. रोज बघितली. काय बघणार हो? तांबं आहे. बाईचं चित्र काढलेलं तांबं. तिच्यावर कुणी काही ठेवलं नाही, तिनं काही उचललं नाही, कुणाच्या एप्रनला ती पुसली गेली नाही. मी तर एकदा पाकिटाला कान लावला. वेडेपणा! काय ऐकू येणार? हं.

तर आज सकाळी— तुम्ही परके आहात म्हणून सांगतो, पुन्हा भेट नाही व्हायची आपली— आज सकाळी हॉटेलच्या खोलीत दात घासत होतो, आणि ती शेजारी ठेवलेली होती, बेसिनवर. आणि ब्रशवर पेस्ट होती. आणि मी पाकीट फाडलं. फाडलं म्हणजे, उघडलं. आणि घासली. आधी हळू, मग चांगली जोर लावून, केसांपाशी, बाह्यांपाशी, सगळीकडं. पुदिन्याची. फेस काळा पडला हो. आणि खळखळून धुतली आणि बघतो तर— चेहरा दिसायला लागला. एवढी वर्षं आम्ही म्हणायचो, पाऊसबाई रडतेय, मालिकेतलं सगळ्यात दुःखी कार्ड, पुजाऱ्यांनी तर मंडळात त्यावर व्याख्यान दिलं होतं. कसली रडतेय! हसतेय ती! ओठांचा कोपरा असा वर गेलाय. काळपटपणात दिसत नव्हता. इतकी शहाणी माणसं, इतकी भिंगं, आणि हसू नाही दिसलं एकालाही. गाढव सगळे. मीच सगळ्यात मोठा.

आता तिला कवडीची किंमत नाही. खिशात आहे, सुटी, किल्ल्यांबरोबर. आणि ही बॅग— हात नका लावू, उचलणार नाही तुम्हाला, पोलाद आहे— हो, सगळी आणलीत. सगळी म्हणजे सगळी. बोटीवरच्या माणसानं विचारलं, 'आजोबा, विटा आहेत का?' आजोबा! कशाला आणलीत म्हणजे काय? दाखवायला. नीट कशी ठेवतात ते तिला दाखवायला. म्हणजे... तसंच काहीसं.

काय उकडतंय. तुम्ही पण टोपी काढा की, कधीपासून घाम पुसताय— अरेच्चा. हे हो काय? तुमच्या डोक्यावर एक केस नाही! म्हणजे दाढी? दाढी तर गुळगुळीत आहे. आत्ताच केलेली. अहो, मग तुम्ही न्हाव्याच्या दुकानात कशाला बसलाय? थांबा, थांबा. मागच्या महिन्यात मी आलो तेव्हा टोपी घालून या बाकावर कुणीतरी बसलं होतं, ते तुम्हीच! आणि हे मांडीवरचं खोकं, मी मघापासून बघतोय— पीच. ओकायामाचे पांढरे पीच, एकेक कागदात गुंडाळलेले. कुणासाठी? 'असंच'? पांढरे पीच कुणी असंच आणत नाही हो, ओसाकाला बघितलेत मी भाव! काय करता आपण? चष्म्याचं दुकान. स्टेशनजवळ. स्वतःचं. आणि घरी? ...एकटेच. बायको वारून तीन वर्षं झाली. वाईट झालं. खरंच वाईट झालं. आणि म्हणून तुम्ही टक्कल घेऊन दर आठवड्याला इथं येऊन बसता, आणि मी मूर्ख तासभर तुम्हाला तोंड वर करून सगळं— आणि तुम्ही हूं की चूं नाही! साळसूद! पाऊसबाईला बोट लावत होतात, तेही काय सहज नव्हतं तर! काय नवस बोलत होतात?

विचारलंत तिला? खरं सांगा. नाही अजून? आज विचारणार होतात? पीच देऊन. साधी सोपी युक्ती. भिंग नाही, काही नाही. आणि ती हो म्हणेल, का नाही म्हणणार, तुम्हाला कोपऱ्यांचे चार प्रकार माहीत नाहीत, सुखी माणूस तुम्ही—

उठला. मासळीवाला उठला. बघा कसा गुलाबी झालाय. टॉवेल झटकतेय ती. बसा! तुम्ही बसा, मी म्हणतो ना! नंबर तुमचा असेल, भिंतीवरच्या घड्याळाचाही असेल, मला काही ऐकायचं नाही. तुमच्या टाळूवर काय उगवलंय जे आत्ताच्या आत्ता कापायचं राहिलंय?

इवासे-सान! नमस्कार. हो, मीच. नाही, केस नाही कापायचे. दाढी पण नको. तुम्ही जरा तो टीव्ही बंद करा. अहो हरू दे त्यांना, करा बंद. आणि तुम्ही बसा. खुर्चीत, तुम्हीच, मी उभा राहतो. गेली कित्येक वर्षं मी बसतोय आणि तुम्ही उभ्या राहताय, आज एकदा उलट होऊ दे. वस्तरा खाली ठेवा, मला भीती वाटते. असं. मी काय म्हणतो, इवासे-सान, मला—

अहो चष्मेवाले! कान कसले टवकारलेत? संपलं, झालं, पुढचं तुमच्यासाठी नाही. उठा. टोपी घ्या, पीच घ्या. नाही, पीच राहू द्या. बाहेर व्हा. आणि दार ओढून घ्या.